वाईच्या वाड्यातला जुना गावठी गुलाब पुण्यात आणायचा आहे, काड्या जगत नाहीत, मार्गदर्शन हवे

कृष्णाकाठ, ६ जुलै

वाईला आमच्या आजोळच्या वाड्यात, मागच्या चौकात विहिरीच्या कट्ट्याला लागून गुलाबाचे एक जुने झुडूप आहे. ते आजीने लावले की तिच्या सासूबाईंनी, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही. फूल फिकट गुलाबी, पाकळ्या पुष्कळ पण सैल, देठ आखूड आणि वास असा की सकाळी परडी देवघरात ठेवली की तो माजघरापर्यंत यायचा. चैत्र-वैशाखात झुडूप फुलांनी भरले की आजी त्याचाच गुलकंद घालायची. वाड्याचा व्यवहार आता पूर्ण झाला असून दिवाळीनंतर तो पाडणार आहेत. भिंतींचे काही करता येणार नाही, पण हा गुलाब तरी पुढे चालू राहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी आतापर्यंत तीन वेळा काड्या आणून लावल्या. पहिल्यांदा मे महिन्यात बारा काड्या आणल्या आणि शेणखत घातलेल्या कुंडीत, पश्चिमेच्या गॅलरीत लावल्या, त्या आठवडाभरात वाळल्या. दुसऱ्यांदा शेंड्याकडच्या हिरव्यागार फांद्या घेतल्या, त्या खालून काळ्या पडून गेल्या. तिसऱ्या वेळच्या काड्यांना मात्र पंधरा दिवसांत सुरेख तांबूस पालवी फुटली, म्हणून मी निर्धास्त झाले, तर तीही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माना टाकून सुकून गेली. उपटून पाहिले तेव्हा एकाही काडीला मुळी नव्हती. माझ्या हाताशी अजून साधारण चार महिने आहेत. काय चुकते आहे आणि आता काय करावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

जुना खुंट, ६ जुलै

कृष्णाकाठ, मी नाशिककर आहे. आमच्या गावाला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत, आणि माझी नोकरीची सगळी वर्षे रोपवाटिकेत कलमे बांधण्यात गेली, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प राहवले नाही. तीनही वेळचे अपयश वेगवेगळ्या कारणांचे आहे आणि ती कारणे तुमच्या लिहिण्यातच दिसतात.

आधी तिसऱ्या वेळेविषयी लिहितो, कारण तिथेच बहुतेक लोक फसतात. काडीला पाने फुटली म्हणजे काडी लागली, हा समज अगदी चुकीचा आहे. काडीच्या लाकडात पिष्टमय अन्न साठवलेले असते आणि त्या शिदोरीवर वरचे डोळे, म्हणजे पालवी फुटण्याच्या जागा, मुळीशिवायही फुटतात. ही नवी पाने हवेत पाणी सोडत राहतात, पण खालून पाणी ओढणारे काही नसते, म्हणून शिदोरी संपली की पालवी एका दिवसात मान टाकते. गुलाबाच्या काडीच्या तळाशी आधी पांढरट, खरखरीत अशी गाठ धरते. ती धरायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि खऱ्या मुळ्या त्यानंतर सुटतात. म्हणून पाने फुटल्यावर काळजी कमी करायची नसते, तर वाढवायची असते, आणि कुंडी सावलीतून उन्हात मुळीच न्यायची नसते.

पहिल्या वेळी ऋतू चुकला. मुळी सुटायला साधारण २० ते २७ अंशांचे तापमान आणि हवेत भरपूर ओलावा लागतो, आणि मे महिन्यातल्या पश्चिमेच्या गॅलरीत यांपैकी काहीच नसते. शिवाय मुळी नसलेल्या काडीला शेणखताचा काडीमात्र उपयोग नसतो, उलट त्यातली बुरशी उघड्या जखमेतून आत शिरते. दुसऱ्या वेळी तुम्ही लाकूड कोवळे घेतले.

लाकूड योग्य आहे की नाही, हे काट्यावरून कळते. फूल नुकतेच गळून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडा आणि तिचा एक काटा अंगठ्याने बाजूला ढकला. काटा कट्‌कन मोडून खाली स्वच्छ, ओलसर हिरवी खूण राहिली तर ते लाकूड घ्यावे. काटा नुसताच वाकला, किंवा सालीचा पापुद्रा सोबत घेऊन निघाला, तर ती फांदी अजून कोवळी आहे. काटाच करडा आणि कोरडा झाला असेल तर लाकूड जून झाले, त्यालाही मुळ्या येतात पण फार रेंगाळून येतात.

आता जुलै चालू आहे, म्हणजे वेळ अगदी योग्य आहे. सकाळी लवकर, झुडपात पाणी भरलेले असताना, सहा ते आठ इंचांच्या आणि चार-पाच डोळे असलेल्या काड्या धारदार चाकूने घ्या. कात्री बोथट असेल तर साल चेचली जाते आणि कुजणे तिथूनच सुरू होते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, वरचा काप डोळ्यापासून थोडा वर आणि तिरका घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही आणि लावताना कोणती बाजू वर हेही चुकत नाही. काडी उलटी लागली तर ती जगत नाही, कारण मुळी फोडणारे द्रव्य शेंड्याकडून तळाकडेच उतरते. वरचे एक संयुक्त पान, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेले पान, ठेवून त्याच्याही टोकाकडच्या पर्णिका कापून दोनच राखाव्यात. सगळी पाने काढू नयेत, कारण मुळी फुटायला लागणारी साखर आणि ते द्रव्य पानांतून आणि डोळ्यांतूनच येते. कळी असेल तर मात्र तिची दया करू नये.

वाई ते पुणे प्रवासात काड्या पाण्यात बुडवून नेऊ नका. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि शक्य तर त्याच दिवशी लावा. माध्यमाविषयी, म्हणजे काड्या कशात लावाव्यात याविषयी, दुसऱ्या कोणी लिहिले तर बरे, नाहीतर मी रात्री सवडीने लिहीन.

लाल माती, ६ जुलै

मी दापोलीजवळ राहते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे माझा सगळा अनुभव काड्या वाळण्याचा नसून कुजण्याचा आहे, आणि माध्यमाविषयी मी जे शिकले ते या कुजण्यातूनच शिकले.

बागेतली माती अजिबात वापरू नये. मी नदीची जाड वाळू तीन-चार पाण्यांनी, वरचे पाणी स्वच्छ राहीपर्यंत धुते, आणि तितकेच भिजवून पिळलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात मिसळते. मिश्रण मुठीत आवळून पाहावे. गोळा झाला पाहिजे आणि बोटांच्या फटींतून एखाद-दुसराच थेंब आला पाहिजे. धार लागली तर तळ कुजणार, हे ठरलेले आहे. काडी सरळ खुपसली तर तळाची साल सोलवटते आणि लावलेली पावडरही वरच पुसली जाते, म्हणून आधी पेन्सिलीने भोक पाडून मग काडी आत सोडावी, दोन पेरे खाली जातील इतकी खोल बसवावी आणि बाजूने बोटांनी दाबावी.

पावडर म्हणजे मुळी फुटण्याची संजीवकाची भुकटी, जिच्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असते आणि जी कृषी सेवा केंद्रात मिळते. काडीचा तळ ओला करून त्यात टेकवायचा आणि जास्तीची पावडर झटकून टाकायची, थर जाड झाला म्हणून मुळ्या जास्त येत नाहीत. त्याआधी काड्या बुरशीनाशकाच्या पाण्यात, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, बुडवून काढल्या तर आमच्यासारख्या दमट हवेत बराच फरक पडतो. हातमोजे घालावेत आणि ते पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

वरून प्लास्टिकची पिशवी घालण्याबद्दल मते वेगळी आहेत. कोकणात जुलैत मी घालत नाही, कारण हवेतच इतका ओलावा असतो की आत बुरशीचे जाळे धरते. पुण्यात पाऊस उघडला की हवा कोरडी होते, तिथे पिशवी घालावी, पण ती पानांना टेकू नये आणि रोज सकाळी पाच-दहा मिनिटे काढून ठेवावी.

कुंडीतली बाग, ७ जुलै

धागा फार उपयोगाचा होत आहे. माझा प्रश्न असा की, काडी बटाट्यात खोचून कुंडीत पुरल्यास ती हमखास लागते, असे अनेक व्हिडिओंमध्ये दाखवतात. कोणी मध लावतात, कोणी कोरफडीचा गर, कोणी दालचिनीची पूड. यांतले खरे काय मानावे? शिवाय मला वाढदिवसाला मिळालेल्या गुच्छातल्या लांब दांड्याच्या लाल गुलाबाची काडी लागेल का, हेही कोणी सांगावे.

जुना खुंट, ७ जुलै

बटाट्याबद्दल मी स्पष्टच लिहितो, कारण त्या नादाने लोकांच्या चांगल्या काड्या वाया जातात. बटाटा ओलावा धरतो हे खरे, पण पंधरा दिवसांत तो जमिनीत कुजतो आणि त्याच वेळी काडीच्या तळाशी गाठ धरत असते, म्हणजे जिथे सर्वांत स्वच्छता हवी तिथेच आपण कुजके कालवतो. कित्येकदा कोंब येतो तो बटाट्याचाच. मध आणि दालचिनी यांनी जखमेवरची बुरशी थोडीफार रोखली जाते, मुळी फोडण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. कोरफडीच्या गराने अपाय झालेला मी पाहिलेला नाही. संजीवक मिळाले नाही तरी गावठी गुलाब नुसत्या वाळूत लागतो, आपल्या आज्या-पणज्यांनी तो असाच गावभर वाटला.

गुच्छातला गुलाब मात्र बहुधा हरितगृहातला असतो, तोडल्यानंतर कित्येक दिवस शीतगृहात राहिलेला असतो आणि त्याच्या काडीतली शिदोरी फूल टिकवण्यातच संपत आलेली असते. क्वचित लागतो. लागला तरी हरितगृहासाठी निवडलेली ती जात आपल्या गॅलरीत तसे फूल देत नाही, म्हणून त्यावर फार आशा ठेवू नये.

कृष्णाकाठ, तुम्ही सगळी भिस्त काड्यांवर ठेवू नका, असे मला आवर्जून सांगायचे आहे. मूळ झुडूप दिवाळीपर्यंत जागेवर आहे, ही मोठीच सोय आहे. त्यावर आताच तीन-चार गुट्या बांधा. गुटीत फांदी आईपासून तोडलेली नसते, मुळ्या फुटेपर्यंत तिला वरपर्यंत पाणी मिळत राहते, म्हणून अपयशाची शक्यता पुष्कळ कमी होते. पेन्सिलीएवढ्या फांदीवर, शेंड्यापासून साधारण फूटभर खाली, एका डोळ्याच्या लगेच खालची सुमारे एक इंच साल गोल फिरवून काढायची. खालचे लाकूड बुळबुळीत लागते, तो बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून टाकायचा, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळी येतच नाही. वरच्या कडेला संजीवक लावायचे, रात्रभर भिजवून घट्ट पिळलेले मॉस (वाळवलेले शेवाळ) मूठभर घेऊन भोवती बसवायचे आणि पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळायची. वरचे टोक जास्त घट्ट हवे, नाहीतर पावसाचे पाणी आत उतरते. चार ते सहा आठवड्यांत मुळ्या प्लास्टिकमधून दिसू लागतात. पांढऱ्या दिसतात तोवर थांबावे, पिवळसर-तपकिरी होऊन त्यांना उपफाटे फुटले की गुटीच्या खाली कापावे.

डोळेभरणी, ९ जुलै

मी तळेगाव दाभाड्याच्या बाजूला गुलाबाची कलमे करतो. वरच्या सगळ्या सूचनांशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो, कारण हा धागा पुढे संकरित गुलाबवालेही वाचतील.

बाजारात मिळणारी मोठ्या फुलांची झाडे बहुतेक डोळा भरून केलेली असतात. पावसाळ्यात खुंटाच्या, म्हणजे ज्याच्या मुळांवर हवी ती जात वाढवायची त्या गुलाबाच्या, काड्या लावून त्यांची रोपे करायची, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत, साल सहज सुटते तेव्हा, जमिनीपासून दोन-तीन इंचांवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घेऊन त्यात हव्या त्या जातीचा एक डोळा ढालीसारखा कापून बसवायचा. प्लास्टिकच्या पट्टीने बांधताना डोळा उघडा ठेवायचा. तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा आणि टपोरा असून त्याखालचे जुने देठ बोट लावताच गळून पडले, तर भरणी साधली असे समजावे, देठ सुकून चिकटून बसले तर फसली. ग्लॅडिएटरसारखी जात आमच्या भारी जमिनीत खुंटावरच जोमाने वाढते, तिची नुसती काडी लागली तरी मुळे अशक्त राहतात. पिवळ्या संकरित गुलाबांच्या काड्या तर फारच रडवतात. या पिवळेपणाचे मूळ इराणी पिवळ्या गुलाबात आहे, ज्याचा संकर करून फ्रान्सचे गुलाब-संकरक पेर्ने-दुशे यांनी १९०० साली ‘सोलेय दोर’ ही जात आणली, आणि त्या घराण्याबरोबर फांदी शेंड्याकडून वाळत येण्याची खोडही उतरली.

डोळ्याची ताकद सांगायची तर ‘पीस’ या प्रसिद्ध जातीकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती जात तयार करणाऱ्या फ्रान्सच्या मेयाँ यांनी तिच्या डोळ्यांच्या काड्या परदेशी धाडल्या, त्यांतून अमेरिकेत झाडे झाली आणि १९४५ साली तिथे तिला ते नाव मिळाले.

कृष्णाकाठ, तुमच्या गुलाबावर मात्र डोळा भरण्याच्या भरीस पडू नका. खुंटावरच्या झाडाला खालून खुंटाचे फुटवे येतात, लक्ष राहिले नाही तर तेच वाढून वरची जात मरते, आणि मग लोक म्हणतात की आमच्या लाल गुलाबाला आता पांढरी बारीक फुले झुपक्याने येतात. गावठी गुलाब स्वतःच्या मुळांवर असला की जमिनीतून येणारा प्रत्येक फुटवा त्याचाच असतो. शंभर वर्षे तो वाड्यात टिकतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

कृष्णाकाठ, १४ जुलै

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पहाटे निघून वाईला गेले. काट्याची परीक्षा करून पाहिली आणि खरोखर एकाच झुडपावर तिन्ही प्रकारच्या फांद्या सापडल्या. वीस काड्या घेतल्या आणि चार गुट्या बांधायला घेतल्या. चौथ्या गुटीच्या वेळी फांदी हातातच मोडली, म्हणून तिच्याही काड्या करून घेतल्या, एकूण तेवीस झाल्या. मामींनी कंदील-दिव्याच्या काळातली आजीची एक आठवण सांगितली. पावसाळ्यात ती खालची लांब फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायची, आणि नवरात्रात ते रोप तोडून लेकी-सुनांना द्यायची. मी ऐकून तशीच एक फांदी दाबून, विहिरीच्या कट्ट्याचा सुटलेला दगड तिच्यावर ठेवून आले आहे.

जुना खुंट, १४ जुलै

मामींनी सांगितले ते दाब कलम. मी ते सुचवायला विसरलो, याची रुखरुख वाटते. दाबलेल्या भागाच्या खालच्या अंगाला सालीवर एक तिरकी चीर द्यायला हवी होती. आता जाणे होईल तेव्हा दगड न हलवता तसेच राहू द्या, गावठी गुलाब चिरेशिवायही मुळ्या धरतो. काड्या महिनाभर उपटून पाहू नका. हलके ओढून पाहण्याचा मोहही टाळा, कारण पहिल्या मुळ्या काचेच्या तंतूसारख्या ठिसूळ असतात.

कृष्णाकाठ, १ सप्टेंबर

सात आठवडे झाले. तेवीसपैकी सहा काड्या पहिल्या पंधरवड्यात खालून काळ्या पडल्या. त्या दिसताक्षणी काढून टाकल्या. आठ काड्यांना पाने फुटून ती सुकली. नऊ काड्या अजून हिरव्या आहेत, आणि त्यांतल्या सातांच्या पिशवीच्या तळाच्या भोकांतून मुळ्या बाहेर डोकावताना मी स्वतः पाहिल्या. मी प्रत्येक काडी वेगळ्या पारदर्शक पिशवीत लावली होती, तिचा हा फायदा झाला. वाईला बांधलेल्या तीन गुट्यांपैकी दोन कापून आणल्या, तिसरीत मुंग्यांनी घर केले होते.

आता या पिशव्यांतून रोपे कुंड्यांत कधी आणि कशी हलवावीत?

लाल माती, १ सप्टेंबर

फार आनंद झाला. गणपतीच्या धामधुमीत घाई करू नका, अजून दोन-तीन आठवडे थांबा. पिशवी ब्लेडने उभी चिरून मातीच्या गोळ्यासकट रोप ठेवावे, मुळ्या झटकू नयेत. सहा इंचांची कुंडी पुरे, एकदम मोठ्या कुंडीत माती ओली राहून मुळ्या गुदमरतात. आता मात्र माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समभाग चालेल. पहिला आठवडा सावली, मग सकाळचे तासभर ऊन, आणि ते हळूहळू वाढवत न्यावे. गुटीच्या रोपांची निम्मी पाने कमी करा, त्यांच्या मुळ्या वरच्या डोलाऱ्याच्या मानाने थोड्या असतात.

कृष्णाकाठ, १६ नोव्हेंबर

काल वाड्याची शेवटची खेप झाली. काड्यांची सात आणि गुटीची दोन, अशी नऊ रोपे पुण्याच्या पूर्वेकडच्या गॅलरीत उभी आहेत. दगडाखालची फांदी उचलली तर तिला बोटभर लांबीच्या मुळ्यांचा झुपका होता, ते रोप मामींनी स्वतःच्या नव्या घरासाठी ठेवून घेतले. मूळ झुडूपही आम्ही सोडले नाही. गुडघ्याएवढे छाटून, भोवती दीड फूट खणून, मातीचा गोळा गोणपाटात बांधून चौघांनी ते शेजारच्या मळ्यात नेऊन लावले. ते जगेल की नाही, हे उन्हाळ्यानंतर कळेल.

एक शंका उरली आहे. गुटीच्या एका रोपाला कळी आली आहे, हरभऱ्याएवढी. ती ठेवावी का?

जुना खुंट, १६ नोव्हेंबर

खुडा. आता आलेले फूल मुळांच्या वाट्याचे खाते, आणि त्या रोपाच्या मुळ्या अजून चार महिन्यांच्याही नाहीत. कळीच्या खालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या पानावर काप घ्या, तिथून जोमदार फांदी निघेल. पौष-माघात ज्या येतील त्याही खुडा. पंधरा दिवसांनी एकदा मूठभर गांडूळखत घाला, पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्या. चैत्रात येणाऱ्या कळ्या राहू द्या, आणि पहिले फूल उमलले की त्याचा वास मामींना एकदा घेऊ द्या. झुडूप तेच आहे की नाही, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.